बंद पाळणाघराचे शुल्क

एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या आमच्या कन्येचा फोन आला. कुशल विचारून झाल्यावर ती म्हणाली, "पप्पा, दोन्ही मुले घरी आहेत, नर्सरीला कुलूप आहे आणि महिन्याचे पूर्ण बिल आले आहे. न भरल्यास जागा राहणार नाही, असेही लिहिले आहे. काय करावे?"

तिकडे नर्सरी म्हणजे आपल्याकडील दिवसभराचे पाळणाघर. आमची अडीच वर्षांची नात तेथे जात असे. चौदा महिन्यांचा नातू मात्र एका चाइल्डमाइंडरकडे असे. चाइल्डमाइंडर म्हणजे शासनाकडे रीतसर नोंदणी करून स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणारी व्यक्ती. २० मार्चला इंग्लंडमधील शाळांबरोबर ही दोन्ही ठिकाणेही बंद झाली. डॉक्टर, परिचारिका यांसारख्या अत्यावश्यक सेवेतील पालकांच्या मुलांसाठी काही दारे उघडी राहिली. इतरांसाठी ती थेट १ जूनला उघडली. मधले दहा आठवडे सेवा नव्हती; पण शुल्काचे काय?

प्रथम नर्सरीची बाजू पाहू. तेथे दोन वर्षांखालील तीन मुलांमागे किमान एक कर्मचारी ठेवण्याचे बंधन आहे. त्यामुळे खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगारांचाच असतो आणि दार बंद झाले म्हणून पगार थांबत नाहीत. यासाठीच ब्रिटिश सरकारने 'फर्लो' योजना जाहीर केली. काम नसलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या ८० टक्के, दरमहा २,५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, सरकार देणार होते. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलांच्या मोफत तासांचे अनुदानही चालूच राहिले. मात्र एक अट होती. जो पगार या अनुदानातून भागतो, त्याच पगारासाठी फर्लोची रक्कम मागता येणार नव्हती.

आता पालकांची बाजू. तेथील स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने ३० एप्रिलला आपली भूमिका प्रसिद्ध केली. टाळेबंदीच्या नियमांमुळे जी सेवा देता येत नाही, तिचे पैसे ग्राहकाकडून सामान्यतः घेऊ नयेत, आणि घेतले असल्यास परत करावेत, असा तिचा आशय होता. करारात स्पष्ट व न्याय्य तरतूद असेल, तर खर्चापोटी अल्प रक्कम घेता येईल, एवढी सवलत होती. जुलैमध्ये प्राधिकरणाने बालसंगोपन क्षेत्राला खुले पत्र लिहून, जागा जाण्याची भीती घालून मोठी रक्कम मागणे योग्य नाही, याची जाणीव करून दिली.

परंतु कन्येचा फोन आला तेव्हा यातले काहीच प्रसिद्ध झाले नव्हते. मी तिला आपल्या अचौर्य अणुव्रताची आठवण करून दिली. या व्रताच्या पाच अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप, असा त्याचा साधा अर्थ. व्यापारी घरात वाढलेल्या आपणा सर्वांना तो तराजूच्या संदर्भात ठाऊक असतो. पण माप केवळ तराजूत नसते. एकाच पगारासाठी सरकारकडूनही घ्यायचे आणि पालकांकडूनही घ्यायचे, हेही मोठे मापच. तसेच घरी बसून पूर्ण वेतन मिळत असताना एक पौंडही द्यायचा नाही, पण जूनमध्ये जागा मात्र राखून हवी, हेही तेच माप, फक्त आपल्या हातातले.

बँकेत काम केलेल्या माणसाला आणखी एक भेद सवयीने दिसतो. तोटा वेगळा आणि रोकड टंचाई वेगळी. फर्लो २० मार्चला जाहीर झाले, पण त्याचे दावे स्वीकारणे सुरू झाले २० एप्रिलला. मधला महिना नर्सरीच्या चालकांनाही कठीण होता. म्हणून कन्येने वाद न घालता नर्सरीला विनयाने तीन प्रश्न लिहिले. पगारांचा किती भाग सरकारकडून मिळणार? भाड्यात सूट मिळाली का? या दोन्ही गोष्टी वजा जाता खरी तूट किती? आठवड्याने उत्तर आले आणि मागणी शुल्काच्या एक पंचमांशावर आली. ती रक्कम तिने आनंदाने भरली.

चाइल्डमाइंडरचा प्रश्न वेगळा होता. त्या एकट्याच काम करीत. कोणाच्या नोकरीत नसल्याने फर्लो त्यांना लागू नव्हते. स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी निराळी योजना होती. मागील सरासरी नफ्याच्या ८० टक्क्यांप्रमाणे तीन महिन्यांची रक्कम एकदम मिळणार होती, परंतु तिचे अर्ज १३ मे रोजी सुरू झाले. तोवर हातात काही नाही. त्यांनी बिल पाठवले नव्हते; मागण्याचाच त्यांना संकोच वाटत होता. कन्या व जावई यांनी न मागता एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांचे अर्धे शुल्क पाठवले आणि ते परत येण्याची अपेक्षा ठेवली नाही.

जूनच्या अखेरीस त्यांचे बिल आले, ते शून्य रकमेचे. खाली दोनच ओळी होत्या. सरकारी मदत मेअखेरीस मिळाली, म्हणून तुम्ही दिलेली दोन महिन्यांची रक्कम जूनच्या शुल्कात वळती केली आहे, असे त्यांनी कळवले होते. तसे करण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर नव्हते. कन्येने ते बिल मला फोनवर वाचून दाखवले, तेव्हा काही क्षण मला बोलता आले नाही. त्या बाईंनी अणुव्रत हा शब्दही कधी ऐकला नसेल. माप मात्र त्यांना अचूक ठाऊक होते.

त्याच काळात आपल्याकडेही अनेक पेढ्यांची शटर खाली होती. गुमास्त्यांचे पगार, गाळ्याचे भाडे, घरकामाच्या बाईंचा महिना, मुलांच्या पाळणाघराचे पैसे, हे प्रश्न आपल्या घराघरांत उभे होते. येथे पाळणाघर चालवणाऱ्या भगिनींच्या पाठीशी तर फर्लोसारखी योजनाही नव्हती. कोणी उदारपणे दिले, कोणी सोयीस्कर मौन पाळले. कोणी काय केले, हे ज्याचे त्याला ठाऊक.

असा प्रसंग पुन्हा येऊ नये. पण तो महापूर, आजारपण किंवा दुकानाची दुरुस्ती अशा लहान रूपांत नेहमीच येत असतो. तेव्हा करारातील कलम जरूर वाचावे. ते आपले किमान कर्तव्य सांगते. त्यानंतर समोरच्या माणसाची खरी तूट किती आणि आपल्याला झेपणारा वाटा किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणण्यापूर्वी त्या वर्षाची खतावणी एकदा उघडून पाहावी. ज्यांच्या नावे आपण काहीच लिहिले नाही, अशी एखादी बाई तेथे कोऱ्या पानावर वाट पाहत असेल.