पोर्चिनीच्या पाकिटात नेमके काय?

लंडनमधील एका दुकानातून वाळवलेल्या पोर्चिनी अळिंबीचे साधे पाकीट आणले गेले आणि क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी त्यातील १५ तुकड्यांचा डीएनए तपासला. तुकडे तीन जातींचे निघाले आणि तिन्हींना तोवर शास्त्रीय नावच नव्हते! हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. माल चीनचा होता. जाती खाण्याजोग्याच निघाल्या, हे नशीब.

आपल्याकडेही मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन हे वाळलेले काप मिळतात, तेही भलतेच महाग. कारण पोर्चिनी ओक, पाइन, चेस्टनट अशा जिवंत झाडांच्या मुळांशी सहजीवनात वाढते. धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही, रानातून वेचावी लागते.

फायद्यांचे काय? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने २०१७ मध्ये १३ जातींच्या अळिंबी तपासल्या. एर्गोथायोनीन आणि ग्लुटाथायोन ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये पोर्चिनीत सर्वाधिक आढळली. एर्गोथायोनीन शिजवल्याने फारसे नष्टही होत नाही. मात्र अन्नात एखादे द्रव्य भरपूर असणे वेगळे आणि ते खाऊन कर्करोग किंवा विस्मरण टळणे वेगळे. हे दुसरे अजून सिद्ध झालेले नाही. प्रथिनांचे आकडेही १०० ग्रॅम वाळलेल्या अळिंबीचे असतात. सूपमध्ये पडतात जेमतेम दहा ग्रॅम. एर्गोथायोनीनच हवे असेल तर स्वस्त धिंगरीतही ते चांगले मिळते. पोर्चिनी घ्यावी ती चवीसाठी.

घेताना पूड टाळावी, काप घ्यावेत. पोर्चिनीच्या टोपीखाली पापुद्रे नसतात, स्पंजासारखी छिद्रे असतात. पूड झाली की ही खूण उरत नाही. पाकिटावर शास्त्रीय नाव, देश आणि तारीख पाहावी. काप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून नीट शिजवावेत. गाऊटच्या रुग्णांनी जपून खावी, तीत प्युरिन बरेच असते. ही अळिंबी जमिनीतला पाराही शोषते, म्हणून रोज खाण्याचा पदार्थ नव्हे.

रानातून स्वतः वेचण्याचा मोह मात्र नकोच. इटलीत वेचलेली अळिंबी सरकारी आरोग्य केंद्रातील तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची सोय आहे. 'डेथ कॅप'सारख्या अळिंबीचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, मग एखादा दिवस बरे वाटते आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. म्हणून बरे वाटण्याची वाट न पाहता, उरलेली अळिंबी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.