घरून काम करायचंय? मग वायफाय घेण्याआधी स्पीड सोडून बाकीचं विचारा

कोरोनानंतर आपल्या बऱ्याच घरांत एक नवी गोष्ट सुरू झाली. मुलगी बीकॉम किंवा बीसीए झाली, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत एकटीने राहायला घरचे तयार नव्हते, पण घरी बसून काम मिळालं. कुणी मेडिकल कोडिंग करते, कुणी अकाउंट्स बघते, कुणी आखातातल्या मुलांना ऑनलाइन शिकवते. मालेगाव, मुंब्रा, मिरज, म्हसळा, कुठेही बसून पगार खात्यात जमा होतो आणि घरातले मोठेही आता म्हणतात, चालू दे.

पण ही अख्खी नोकरी एका बारीक वायरीवर लटकलेली असते. मीटिंगमध्ये पहिल्यांदा नेट गेलं तर मॅनेजर हसून सोडून देतो. चौथ्यांदा गेलं की प्रोबेशन वाढतं. घरात आधीच कुणाच्या मनात "हे असलं काम किती दिवस टिकणार" असं असेल तर त्यालाही बोलायला निमित्त मिळतं. काही कंपन्या तर कामावर घेण्याआधीच स्पीड टेस्टचा फोटो मागतात.

पालक सभेत मुलांचे मार्क बाजूला राहतात आणि आया मला विचारतात, "टीचर, वायफाय कोणतं घेऊ?" मी शाळेत शिकवते, वायर ओढत नाही. पण ऑनलाइन वर्गांच्या काळात आणि त्यानंतर आपल्या माजी विद्यार्थिनींच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने या विषयात बरंच डोकं घालावं लागलं. माझं उत्तर असं आहे: कंपनीचं नाव शेवटी विचारा. आधी तुमच्या गल्लीत वायर कशी येते, ती कोण सांभाळतं आणि वीज गेल्यावर तिचं काय होतं, हे विचारा.

याचं कारण साधं आहे. जाहिरात मोठ्या कंपनीची असली तरी तुमच्या घरापर्यंतचे शेवटचे पाचशे-हजार मीटर बहुतेक वेळा स्थानिक माणसाच्या हातात असतात. बीएसएनएलची फायबर सेवाही अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारामार्फतच चालते. त्यामुळे एकच कंपनी एका मोहल्ल्यात झकास चालते आणि रस्त्यापलीकडे रोज रडते. भावाच्या घरी चांगलं चालतं म्हणून तुमच्याकडे चालेलच, असं धरून चालू नका.

वायर घरात येते की गच्चीवरच थांबते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो जवळपास कुणीच विचारत नाही.

जुनी पद्धत अशी की फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंत किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंत येतं. तिथे एक स्विच बसवलेला असतो आणि त्यातून साधी लॅन केबल प्रत्येक घरात जाते. तो स्विच विजेवर चालतो. म्हणजे तुमच्या घरात इन्व्हर्टर असला, राउटरचे दिवे लुकलुकत असले, तरी इमारतीची वीज गेली की नेट गेलं. कधी कधी तर वीज जाते शेजारच्या इमारतीची आणि नेट जातं तुमचं, कारण वायर तिथून फिरून आलेली असते.

नवी पद्धत म्हणजे फायबर थेट घरात. काचेची बारीक तार तुमच्या खोलीतल्या डब्याला लागते. या डब्याला ओएनटी म्हणतात. वाटेत जिथे एका तारेच्या अनेक तारा होतात, तिथल्या विभाजकाला वीज लागत नाही. म्हणून वीज गेली तरी तुमचा डबा आणि ऑपरेटरच्या ऑफिसातली मशीन, ही दोन टोकं चालू ठेवली की नेट चालू राहतं. घरी बसून नोकरी करणाऱ्याने शक्य असेल तर हीच लाइन घ्यावी. "फायबर" हा शब्द दोन्हीकडे वापरतात, म्हणून नुसतं "फायबर आहे का" विचारू नका. "माझ्या घरात जो डबा येणार, त्याला फायबर लागणार की लॅन केबल?" असं विचारा.

दुसरा प्रश्न: "तुमच्या ऑफिसात बॅकअप किती तासांचा?" जनरेटर आहे की नुसती बॅटरी? भारनियमनाच्या गावात याच्यावर सगळं ठरतं. आणि तुमच्या बाजूचा खर्च फार नाही. ओएनटी आणि राउटर मिळून साधारण दहा-पंधरा वॅट वीज खातात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज काढतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर बघून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत, आणि चुकीचा लावला तर राउटर जळतो.

तिसरा प्रश्न वायर कुठून येते याचा. आपल्याकडे ती बहुतेक विजेच्या खांबावरून, झाडांतून, पत्र्यावरून लोंबत येते. कोकणातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा खांब आडवे झाले आणि अनेक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद होते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात तळमजल्यावरची यंत्रं पाण्यात गेली. एवढं संकट रोज येत नाही. पण फांदी पडून वायर तुटणं, रस्ता खोदताना जेसीबीने तोडणं, माकडांनी लोंबकळून ताणणं, हे दर पावसाळ्यात आहेच. म्हणून विचारायचं ते एवढंच: तुटली तर जोडायची मशीन आणि माणूस गावात आहे का, की तालुक्याहून येतो? रविवारी येतो का? ईदच्या दुसऱ्या दिवशी येतो का? "वायर कधीच तुटत नाही" असं सांगणाऱ्यापेक्षा "तुटली तर संध्याकाळपर्यंत जोडतो" म्हणणारा मला जास्त खरा वाटतो.

याची खात्री ऑपरेटरकडून होत नाही, शेजाऱ्यांकडून होते. तुमच्याच गल्लीतली, त्याच बाजूची तीन घरं गाठा. "कसं चालतं?" विचारलं तर सगळे "ठीक आहे" म्हणतात. "शेवटचं बंद कधी पडलं आणि किती वेळ?" असं विचारा. जो घरून काम करतो त्याला विचारलं तर उत्तम. फक्त यूट्यूब बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही असे छोटे खंड मीटिंग तोडून टाकतात.

आता स्पीडचं

स्पीडची भीती उगीच जास्त घातलेली आहे. सरकारी व्याख्येत तर २०२३ पासून किमान २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात, त्याआधी ५१२ केबीपीएसलाही म्हणायचे. एका चांगल्या व्हिडिओ मीटिंगला साधारण तीन-चार एमबीपीएस पुरतात. घरात दोघं काम करत असतील, एका मुलाचा क्लास असेल आणि टीव्हीवर कुणी पिक्चर बघत असेल, तरी ४० किंवा ५० एमबीपीएसचा प्लॅन पुरतो, जर तो खरोखर तेवढा मिळत असेल तर. ३०० चा प्लॅन घेऊन रोज दहा मिनिटं बंद पडणारी लाइन काय कामाची?

दोन आकडे मात्र नीट बघा. एक अपलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते डाउनलोड. तुमचा आवाज, तुमचा चेहरा, तुम्ही पाठवलेली फाइल अपलोडने जाते. काही प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, काहींत अपलोड बरंच कमी असतं. समोरचा म्हणतो "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय" आणि तुम्हाला त्याचा आवाज स्वच्छ येतो, तेव्हा आधी अपलोडवर संशय घ्या. दुसरा आकडा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो कमी आणि स्थिर हवा. एकदा २०, मग ३००, मग ४० असा उड्या मारत असेल तर स्पीड कितीही असो, बोलणं अडखळणारच.

हे बघायला शेजाऱ्याच्या घरी चहा प्यायला जा, तेही रात्री नऊ ते अकरामध्ये. फायबरची एक तार साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते आणि ऑपरेटरने वरून किती क्षमता विकत घेतली आहे हे गर्दीच्या वेळीच कळतं. रमजानमध्ये हीच गर्दी तरावीहनंतर सरकते. ज्यांची अमेरिकन शिफ्ट आहे त्यांची ड्युटी नेमकी याच वेळेत चालू होते. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट करून जास्तीची माहिती उघडली की अपलोड आणि पिंग दोन्ही दिसतात. दुसऱ्या स्पीड टेस्टमध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर ऑपरेटरचा स्वतःचा सोडून दुसऱ्या शहरातला निवडा. स्वतःच्या अंगणात सगळेच जोरात पळतात.

नेट घेतल्यावर ते हळू वाटलं तर लगेच ऑपरेटरशी भांडू नका. लॅपटॉपला लॅन केबल लावून बघा. केबलवर छान आणि वायफायवर वाईट असेल तर दोष लाइनचा नाही, भिंतींचा आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि स्लॅब वायफायला, विशेषतः ५ गिगाहर्ट्झला, आत येऊ देत नाहीत. राउटर पाहुण्यांच्या खोलीत शोकेसमध्ये आणि मुलगी माडीवर, अशी घरं मी बघितली आहेत. कामाच्या टेबलापर्यंत एक लॅन केबल ओढून घ्या, काही शे रुपयांत भागतं. डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला तर मात्र समजायचं की बाहेरून प्रकाशच येत नाही. तेव्हा राउटर बंद-चालू करत बसण्यात वेळ घालवू नका, सरळ तक्रार करा.

पैसे, कागद आणि दुसरी वाट

४९९ रुपयांचा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८९ ला पडतो, हे आधीच धरा. "अनलिमिटेड"लाही मर्यादा असते. अनेक मोठ्या प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे, ती घरगुती वापरात सहसा संपत नाही. पण लहान ऑपरेटरकडे ती कितीतरी कमी असू शकते, आणि संपल्यावर स्पीड एकदम खाली येतो. किती जीबीनंतर किती स्पीड, हे लिहून घ्या.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, राउटर फुकट, असं सांगतात. पहिले एक-दोन महिने तरी मासिकच घ्या, आणि जमलं तर त्यात पावसाचा एखादा महिना येऊ द्या. मोबाइल नंबरसारखं ब्रॉडबँड एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही. भरलेले पैसे अडकले की माणूसही अडकतो. वसुलीला येणाऱ्या पोराच्या हातात रोख देऊ नका, पावतीच्या नावावर द्या. बिल जिच्या नोकरीसाठी नेट घेताय तिच्याच नावावर असेल तर काही कंपन्या तो खर्च परत देतात. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आणि सोसायटीला आधी विचारा, काही इमारतींत एकाच ऑपरेटरला वायर टाकू देतात. कंपनीचं व्हीपीएन ठरावीक आयपी मागत असेल तर तेही आधीच विचारा, साध्या घरगुती प्लॅनमध्ये तो मिळत नाही, वेगळे पैसे पडतात.

तक्रार फोनवर "भाई, बघ ना जरा" अशी करू नका. ॲपवर किंवा कस्टमर केअरला करा आणि तक्रार क्रमांक घ्या. बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे किंवा मुदतवाढ मागा. तोडगा निघाला नाही तर मोठ्या कंपन्यांकडे अपील करायची सोय असते, त्याला फी नाही. आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की टेलिकॉम सेवेच्या तक्रारीसाठी ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे.

जिथे फायबर पोहोचलंच नाही तिथे ५जी वर चालणारं एअरफायबर घेता येतं. ते वायरीच्या भानगडीतून सुटतं, पण टॉवरवर अवलंबून राहतं. गच्चीवर कोणत्या टॉवरचा सिग्नल किती येतो, हे इंजिनिअरला समोर मोजून दाखवायला सांगा.

आणि लाइन कितीही चांगली असो, दुसरी वाट ठेवाच. मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो, पण सिम वेगळ्या कंपनीचं हवं. ज्या कंपनीचं फायबर तिचंच सिम असेल तर मुख्य केबल तुटल्यावर दोन्ही एकदम जाऊ शकतात. एका खांबावरून आलेली दोन फायबर कनेक्शनंही तसलीच. हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून, पासवर्ड सेव्ह करून, कामाच्या खुर्चीवर बसूनच दहा मिनिटांची मीटिंग करून बघा. आणि तो फोन मीटिंगच्या वेळी धाकट्याच्या हातात गेम खेळायला नसावा, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.