जाताना दीड तास, येताना साडेसहा?

डॅडी कुवेतला कामाला आहेत. त्यांचं तिकीट आलं की मुळगावच्या घरी ममीचा प्रश्न ठरलेला : "जाताना दीड तासात पोचतात, मग घरी यायलाच साडेसहा तास का गो?"

गंमत घड्याळाची आहे. तिकिटावर सुटायची आणि पोचायची, दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. कुवेतची प्रमाणवेळ ४५ अंश पूर्व रेखांशावरची, भारताची ८२.५ अंशांवरची. फरक ३७.५ अंशांचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून आपलं घड्याळ अडीच तास पुढे. गोवा ते कुवेत सरळ अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. चढणं-उतरणं धरून थेट विमानाला साधारण चार तास लागतात. घड्याळात जाताना त्यातले अडीच तास कमी होतात, येताना तेवढेच वाढतात.

खरं तर हिवाळ्यात आकाशात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांची साथ मिळाली तर नाताळला घरी येणारं विमान उलट थोडं लवकरच पोचतं. शिवाय जानेवारी २०२३ पासून मोपचा विमानतळ सुरू झालाय. पूर्वी दिवचलीकरांना मांडवी आणि जुवारी ओलांडून दाबोळी गाठावी लागे.

वहीवर आकडे मांडून मी हे सगळं ममीला समजावलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे चारच तासांची वाट?"

डॅडींना सुट्टी दोन वर्षांनी एकदा मिळते. त्याचं गणित मला मांडता आलं नाही.