हक्क आणि अधिकार : एका शब्दाची दोन मराठी रूपे

इंग्रजीतील 'राइट' हा शब्द मराठीत आणताना दिशेसाठी 'उजवा' आणि अचूकतेसाठी 'बरोबर' हे पर्याय सहज सापडतात. राजकारणातील 'उजवे'सुद्धा दिशेवरूनच आले, कारण 1789 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले होते. खरी अडचण कायद्यातील 'राइट'ची आहे, कारण त्यासाठी मराठीकडे 'हक्क' आणि 'अधिकार' असे दोन शब्द असून दोघांचे पूर्वायुष्य वेगळे आहे.

'हक्क' अरबीतून फारसीमार्गे आला. वतनदारीच्या काळात पाटील-देशमुखांना रयतेकडून मिळणारा ठरावीक वाटा म्हणजे हक्क, आणि रास्तपणे पदरात पडायचे ते मागण्याचा हा भाव 'हक्काचे घर', 'हक्कसोडपत्र' या शब्दांत आजही टिकून आहे. संस्कृत 'अधिकार' मात्र मुळात पात्रता आणि सत्ता सांगतो. त्यामुळेच 'अधिकारी पुरुष' म्हणजे साधनेने योग्यतेला पोचलेला माणूस आणि 'अधिकारी' म्हणजे कचेरीतला साहेब, असे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दाने निघतात.

हा गुंता पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीशी जोडला गेला, तो अण्णा हजारे यांच्या माहितीच्या अधिकारासाठीच्या आंदोलनांमुळे. 2003 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईत आझाद मैदानावर उपोषण केले आणि राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या मंजुरीने मार्गी लागला. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे अमलात आला. मराठीत या कायद्याच्या नावात 'अधिकार' आहे, आणि महाराष्ट्रातील छापील अर्जावर, म्हणजे जोडपत्र 'अ' वर, त्याचा परिणाम उघड दिसतो : मथळ्यात नागरिकाचा 'अधिकार', त्याखाली 'प्रति' म्हणून माहिती 'अधिकारी', आणि 30 दिवसांत उत्तर न आल्यास ज्याच्याकडे जायचे तोही अपिलीय 'अधिकारी'. दहा रुपयांचे तिकीट लावणाऱ्या गावकऱ्याची मागणी आणि ती अडवू शकणाऱ्याची सत्ता, दोन्हींचे नाव एकाच धातूतून आलेले. 'ग्रामसभेचे अधिकार' म्हटले की पुन्हा सत्ताच अभिप्रेत असते, त्यामुळे कोणता अर्थ घ्यायचा हे प्रत्येक वेळी वाक्यावरूनच ठरवावे लागते.

शासकीय मराठीने यात सूत्र पाळलेले नाही. संविधानाच्या मराठी पाठात 'मूलभूत हक्क' आहेत, तर हिंदीत 'मूल अधिकार'. शिक्षणाचा आणि वनांचा 'हक्क', पण माहितीचा 'अधिकार', आणि सातबाऱ्यावरचा गाव नमुना सात म्हणजे 'अधिकार अभिलेख पत्रक'. यामागे हिंदीचा ओढा असावा, असे मानायला जागा आहे.

अशी सरमिसळ मराठीपुरती नाही. व्हिएतनामी भाषेत चिनीवरून आलेला 'क्वियेन' हा एकच शब्द मानवी हक्कांच्या नावातही येतो आणि राज्यसत्तेच्या नावातही, त्यामुळे तिथल्या अनुवादकाला सोबतच्या जोडशब्दानेच दोन्ही वेगळे राखावे लागतात. मराठीत निदान निवडीला दुसरा शब्द आहे, आणि 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात ती निवड नेमकी झाली : दाखला मुदतीत मिळण्याचा 'हक्क' नागरिकाचा, आणि तो देण्यास बांधलेला तो 'पदनिर्देशित अधिकारी'.