प्रॉक्सीमागचा लिनक्स सर्व्हर

नवा उबंटू सर्व्हर हाती आला की बहुतेक जण पहिली कमांड देतात ती एपीटी अपडेटची. बँकेच्या किंवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये मात्र ती शून्य टक्क्यावर ‘कनेक्टिंग’ म्हणत बसून राहते. सर्व्हर बिघडलेला नसतो, त्याला बाहेरचा रस्ताच दिलेला नसतो. त्याचा आयपी १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे आतल्या नेटवर्कपुरता. बाहेर जायची मुभा एकाच मशीनला असते आणि ते म्हणजे प्रॉक्सी. अनेक ठिकाणी त्यावर १९९६ पासून चालत आलेला स्क्विड असतो आणि कोणी मुद्दाम बदललं नसेल तर त्याचा पोर्ट ३१२८.

नेटवर्क टीमकडून प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट घ्या, युजरनेम-पासवर्ड लागतो का तेही विचारा. मग बाहेरच्या साइटला पिंग करत बसू नका. पिंग आयसीएमपीवर चालतं आणि वेब प्रॉक्सी ते पुढे नेत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत असतानाही पिंगचं उत्तर येणार नाही. बाहेरच्या साइटचं नाव सर्व्हरवर रिझॉल्व्ह झालं नाही, तरी घाबरायचं कारण नाही. ते काम प्रॉक्सी करतो.

खरी परीक्षा कर्लने घ्यावी. मायनस व्ही द्या, मायनस एक्सपुढे प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट द्या, शेवटी एखादी एचटीटीपीएस साइट. स्क्रीनवर उजवीकडे टोक असलेल्या बाणाची एक ओळ येते: कनेक्ट, साइटचं नाव, कोलन, ४४३. या साइटपर्यंत मला थेट जोडून दे, अशी ही सर्व्हरची प्रॉक्सीला विनंती. उलट्या बाणाच्या ओळीत २०० आलं की जोडणी झाली. पुढचा सगळा मजकूर एन्क्रिप्टेड जातो, साधारण प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव आणि पोर्ट कळतो. ४०७ आलं तर प्रॉक्सीला पासवर्ड हवा आहे. ४०३ आलं तर प्रॉक्सीने तुमचं ऐकून नकार दिला आहे, ती साइट यादीत घालून घ्यावी लागेल. काहीच न येता टाइमआउट झाला, तर बहुधा मधला फायरवॉल तुम्हाला प्रॉक्सीपर्यंत पोचूच देत नाही. नेटवर्क टीमशी होणारी निम्मी भांडणं हा आकडा नीट न वाचल्यामुळे होतात.

प्रॉक्सीच्या पत्त्यात लिहायच्या पासवर्डात ॲट द रेटचं चिन्ह असेल, तर त्याच्या पुढचा भाग मशीनचं नाव समजला जाऊ शकतो. त्या चिन्हाऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ४० लिहायचं.

इथवर सोपं. डोकेदुखी पुढे आहे, कारण लिनक्सवर सगळे प्रोग्राम मुकाट्याने पाळतील असं प्रॉक्सीचं एकच बटण नाही. शेलमध्ये एचटीटीपी-प्रॉक्सी आणि एचटीटीपीएस-प्रॉक्सी ही व्हेरिएबल्स एक्सपोर्ट करायची, मधे अंडरस्कोर, अक्षरं लहान लिपीतली. कर्ल यातलं पहिलं नाव मोठ्या लिपीत मुळी वाचतच नाही आणि ते मुद्दाम: वेबवरून आलेला ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर सीजीआयमध्ये नेमक्या त्याच नावाचं व्हेरिएबल होऊन बसतो. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ म्हणून गाजलेली त्रुटी हीच. दुसऱ्या व्हेरिएबलची किंमतही बहुधा साध्या एचटीटीपीनेच सुरू होते, कारण प्रॉक्सीशी होणारं पहिलं बोलणं साधंच असतं.

एवढं करूनही सुडो लावलं की काम थांबतं, कारण सुडो साधारणपणे तुमची व्हेरिएबल्स झटकून टाकतं. म्हणून एपीटीला त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये वेगळी फाइल द्यावी, डीएनएफला त्याच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सीची एक ओळ. डॉकरची तऱ्हा आणखी न्यारी. पुल कमांड तुम्ही देता, पण इमेज आणतो तो डिमन, आणि त्याला सिस्टमडी सुरू करतं. तुमच्या शेलशी त्याचा संबंध नाही. त्याच्या सर्व्हिससाठी ड्रॉप-इन फाइल करून त्यात व्हेरिएबल्स लिहा, डिमन-रीलोड करा, मग डॉकर रीस्टार्ट करा. रीलोड विसरलात तर जुनीच सेटिंग चालू राहते.

नो-प्रॉक्सी या व्हेरिएबलकडे दुर्लक्ष नको. लोकलहोस्ट, आतला डेटाबेस, क्लाउडवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४ हा मेटाडेटाचा पत्ता, हे सगळं त्यात हवं. नाहीतर शेजारच्या मशीनसाठीची विनंतीही प्रॉक्सीकडे जाते. इथे आयपीची अख्खी रेंज प्रत्येक प्रोग्रामला कळेलच असं नाही, कर्ललासुद्धा ती २०२२ पासूनच कळते.

सर्टिफिकेटची तक्रार आली, तर प्रॉक्सी बहुधा एचटीटीपीएस उघडून तपासतो आहे. अशा वेळी सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारा ऑप्शन लावून मोकळं होणं मला अजिबात पसंत नाही. कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या, सर्व्हरच्या ट्रस्ट स्टोअरमध्ये टाका आणि ते स्टोअर अपडेट करा. उबंटूवर त्या फाइलचं एक्सटेन्शन सीआरटी असावं लागतं. घड्याळ चुकत असेल तर प्रॉक्सीला दोष देऊ नका. घड्याळ जुळवणारं एनटीपी यूडीपीवर चालतं आणि वेब प्रॉक्सी ते पुढे नेत नाही, त्याला आतला टाइम सर्व्हर लागतो.

आणि एक विनंती. स्वतःचा डोमेन पासवर्ड या फाइल्समध्ये लिहू नका. त्यातल्या काही फाइल्स मशीनवरचा कोणीही वाचू शकतो आणि पासवर्ड बदलला की जुना वापरणाऱ्या सर्व्हिसेस तुमचं खातं लॉक करून ठेवतात. सर्व्हरच्या आयपीलाच प्रॉक्सीवर परवानगी मागा, नाहीतर वेगळं सर्व्हिस अकाउंट घ्या.