डोळा लागताना अंग दचकतं? घाबरू नका, पण सुकाणूवर सावध राहा



31 जुलैला बंदी संपते, 1 ऑगस्टपासून बोटी सुटतात आणि झोपेचं गणित बिघडतं. जाळं टाकलं की जरा आडवं व्हायचं, ओढायची हाक आली की उठायचं. अशा तुकड्या-तुकड्यांच्या झोपेत बऱ्याच जणांना एक अनुभव येतो. डोळा लागतो न लागतो तोच पाय घसरून पाण्यात पडल्यासारखं वाटतं, अंगाला जोराचा झटका बसतो आणि माणूस दचकून उठतो. घरात मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं बाहेरचं काही आहे.

तसं काही नाही. डॉक्टर याला ‘हिप्निक जर्क’ म्हणतात. दहातल्या सहा-सात माणसांना कधी ना कधी तो येतोच. झोप लागताना मेंदू स्नायू ढिले सोडत असतो. त्या बदलात एखादा चुकार इशारा सुटतो आणि स्नायू एकदम आवळतात, असं मानलं जातं. जास्त चहा, तंबाखू-विडी, ताण, अंगमेहनत आणि अपुरी झोप यांनी तो वाढतो. बोटीवर तर हे सगळंच असतं!

त्याच वेळी डोळ्यांसमोर चित्रंही येतात. दिवसभर जाळं ओढलेल्याला जाळंच दिसतं. सन 2000 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही लोकांना 3 दिवसांत 7 तास टेट्रिस हा खेळ खेळायला लावला. झोप लागताना त्यांना खेळातले ठोकळेच दिसू लागले. स्मरणशक्ती गेलेले 5 रुग्ण त्यात होते. खेळल्याचं आठवत नसूनही त्यातल्या तिघांना ते दिसले.

अंथरुणावर यात धोका नाही. सुकाणूवर मात्र आहे. तिथे मान पडून दचकलात, तर काही क्षण झोप लागली होती असं समजा. 8 नॉटच्या वेगाने बोट 10 सेकंदांत 40 मीटर पुढे जाते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळीची आणि उंच लाटांची माहिती आपल्यापर्यंत येते, पण समोरून येणारं जहाज बघायला जागा माणूसच लागतो.

म्हणून नाखवा आणि तांडेल मंडळींना विनंती :

• रात्री सुकाणूची पाळी ठरवून बदला. परतीच्या वाटेवर तर नक्कीच, कारण तेव्हाच सगळे थकलेले असतात.
• डुलकी आली, चित्रं दिसू लागली, तर लगेच दुसऱ्याला उठवा. त्यात कसला कमीपणा?
• पाळी संपायच्या सुमारास चहा-विडी टाळा, म्हणजे मिळेल तेवढी झोप नीट लागेल.

जागेपणी झटके येत असतील, जीभ चावली जात असेल, कपड्यात लघवी होत असेल किंवा नंतर भान राहत नसेल, तर ती फिट असू शकते. अशा खलाशाला देवऋषाकडे नेऊ नका, डॉक्टरकडे न्या. तपासणी होईपर्यंत त्याला बोटीवर पाठवू नका.

ही पोस्ट आपल्या बोटीवरच्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

— सचिव