आधी बांधा, मग भांडा!

वीकेण्डला अलिबागला जाता ना? मग थळच्या किनाऱ्यावर उभे राहा. समोर दोन ठिपके दिसतील: खांदेरी आणि उंदेरी. एवढ्याशा खडकांसाठी काय राडा झालाय, बॉस! १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना खांदेरीवर तट बांधायला धाडलं. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा पहारा! इंग्रजांची झोपच उडाली. त्यांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली; पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली.

फण्डा आजही तोच. चीनने २०१३ पासून दक्षिण चीन समुद्रातल्या प्रवाळखडकांवर वाळू ओतून धावपट्ट्या बांधल्या. २०१६ मध्ये हेगच्या लवादाने त्याचा ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला. चीनने निकालच धुडकावला.

आमच्या अणदूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण 'कुणाचं काय' हा प्रश्न आम्हालाही ठाऊक आहे. खंडोबा एक, गावं दोन. मूर्ती दरवर्षी पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात, बाकी दिवस अणदुरात. आणि ने-आण लेखी करारानं. देव वाटून घेता येतो, मग खडक का नाही?